दिवाळीत बा ना हिल्सला जावं का, आणि सासूबाईंचं काय करावं?

पत्र डोंबिवलीहून आलंय, थोडं छोटं करून देते:

"ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण व्हिएतनामला जायचं ठरवतोय. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. मुलीला ते दोन मोठ्या हातांनी धरलेल्या पुलावरचा फोटो हवाच आहे, त्यासाठीच खरं तर एवढं सगळं चाललंय. टूरवाल्याने सात दिवसांत हनोई, हालाँग बे, दा नांग आणि हो ची मिन्ह सिटी असं दिलंय आणि त्यात दा नांगजवळच्या डोंगरावरच्या बा ना हिल्स पार्कला, जिथे तो पूल आहे, अर्धा दिवस. नवरा म्हणतो, रोपवेने वर जायचं, फोटो काढायचा, खाली यायचं, अर्धा दिवस खूप झाला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, उंचीची भीती वाटते आणि त्या कांदा-लसूण खात नाहीत. त्या म्हणतात तुम्ही जा, मी हॉटेलात बसते. ठिकाण मी सुचवलंय, त्यामुळे काही बिनसलं तर खापर माझ्यावरच फुटणार. काय करू? – एक गोंधळलेली सून"

अहो गोंधळलेल्या सूनबाई, सासूबाईंचे गुडघे, टूरवाला, पूल हे सगळं आपण बघू पण त्याआधी एक गोष्ट, जी टूरवाल्याने तुम्हाला बहुतेक सांगितली नसणार कारण त्याला दिवाळीच्या सीट भरायच्या असतात: दा नांगला वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो. म्हणजे बरोब्बर आपल्या दिवाळीच्या सुट्टीत.

आपल्या डोक्यात कसं असतं की पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, दिवाळी आली की आकाश मोकळं. व्हिएतनामच्या मधल्या भागात हे उलटं आहे. तिथे समुद्र पूर्वेला आणि त्याच्या मागे डोंगरांची लांब रांग, त्यामुळे आपल्याकडे मुसळधार कोसळत असतो तेव्हा तो नैऋत्येचा वारा त्या डोंगरांच्या पलीकडच्या बाजूला पाऊस रिकामा करून येतो आणि दा नांगला कडक ऊन असतं, आणि मग ऑक्टोबरपासून वारा फिरतो, ईशान्येकडून समुद्रावरून ओला होऊन येतो आणि थेट या डोंगरांवर आपटतो. चेन्नईला दिवाळीत का पाऊस असतो, तोच प्रकार. वर आणि वादळांचाही हाच सीझन. 2025 च्या ऑक्टोबरच्या शेवटी दा नांगच्या आसपासच्या ह्यू आणि होई आन या गावांत इतका पाऊस झाला की होई आनच्या जुन्या गावातल्या गल्ल्यांतून होड्या चालल्या होत्या. दरवर्षी तसंच होतं असं नाही, कधीकधी चार दिवस छान कोरडे मिळूनही जातात, पण तुम्ही सहा तिकिटांचे पैसे घालणार त्या "कधीकधी"वर, हे डोळे उघडे ठेवून ठरवा.

आणि हे दा नांग शहराचं झालं. बा ना हिल्सचा माथा आहे 1487 मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही थोडा उंच. समुद्रकिनाऱ्यापासून इतक्या जवळ इतका उंच डोंगर म्हटल्यावर ढग तिथेच अडकणार. खाली ऊन असताना वर पांढरंधोप धुकं असू शकतं, मग ज्या पुलासाठी गेलात तो पूल पायाखाली असतो पण दिसत नाही. जोराचा वारा किंवा विजा असतील तर रोपवे थांबवतात ते वेगळंच.

तर माझं स्पष्ट मत, दिवाळीऐवजी मे महिन्यात जा. फक्त 30 एप्रिल आणि 1 मे हे दोन दिवस टाळा, त्यांची मोठी सुट्टी असते आणि अख्खा व्हिएतनाम सहलीला निघालेला असतो. 5-6 मेनंतर गेलात तर मुलांच्या परीक्षा संपलेल्या, पाऊस कमी, शहरात गरम होईल, डोंबिवलीसारखाच घाम येईल, पण वर डोंगरावर मस्त गार. फेब्रुवारी-मार्च हवेच्या दृष्टीने अजून छान पण शाळा सोडणार नाही आणि त्यांचं नवीन वर्ष, तेत, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, तेव्हा तर बघायलाच नको.

दिवाळीतच जायचं असेल, रजा तेव्हाच मिळतेय किंवा बुकिंग होऊन गेलंय, तर मग बा ना हिल्सची तारीख आधी फिक्स करू नका. दा नांगमध्ये निदान तीन-चार मुक्काम ठेवा आणि ज्या दिवशी हवा उघडेल त्या दिवशी वर जा. तिकीट आदल्या संध्याकाळी अंदाज बघून ऑनलाइन काढता येतं. टूरवाला म्हणेल असं होत नाही, ग्रुपचं शेड्यूल असतं. मग त्याला सांगा आमचं बा ना तुमच्यातून काढा आणि तेवढे पैसे कमी करा, आम्ही आमचं बघू. शहरातून तिथे जायला पाऊण तास लागतो, टॅक्सीच्या ग्रॅब अॅपवरून मोठी गाडी मिळते, सहा जणांना सात सीटर पुरते. यात अवघड काही नाही.

आता त्या सात दिवसांच्या प्रोग्रामबद्दल. हनोई उत्तरेला, सायगाव म्हणजे तुमचं हो ची मिन्ह सिटी पार दक्षिणेला, दा नांग मधोमध. तिन्ही ठिकाणी विमानाने जायचं, प्रत्येक वेळी बॅगा भरा, चेकआउट करा, एअरपोर्टवर दोन तास आधी पोचा. दोन म्हातारी माणसं आणि एक सहा वर्षांचा मुलगा घेऊन हे म्हणजे सहल नाही, बदली झाल्यासारखं आहे. यातलं एक टोक सोडा. मला विचाराल तर सायगाव सोडा, हालाँगची बोट सासऱ्यांना आवडेल. किंवा दोन्ही सोडून नुसतं दा नांग आणि होई आन करा, पाच-सहा दिवस आरामात जातात, समुद्र आहे, डोंगर आहे, जुनं गाव आहे, शनिवार-रविवारी रात्री नऊला ड्रॅगन ब्रिज तोंडातून आग आणि पाणी सोडतो, तुमचा मुलगा त्यावरच खूश होईल, कदाचित बा नापेक्षा जास्त.

मिस्टरांचा अर्धा दिवस. त्यांचं गणित असं असणार की रोपवे वीस मिनिटं, फोटो दहा मिनिटं, परत वीस मिनिटं. प्रत्यक्षात गेटपासून रोपवेच्या स्टेशनपर्यंत चालायचं, रांग, मग वर, मग पुलावर गर्दी, मग त्याच्या वरच्या फ्रेंच व्हिलेजला जायला पुन्हा दुसरा रोपवे, पुन्हा रांग. ग्रुप टूरची बस साधारण दहा-अकराला पोचते आणि त्याच वेळी दा नांगमधल्या सगळ्या ग्रुप टूरच्या बसही पोचतात. अकरा वाजता गोल्डन ब्रिज (तोच तो हातांचा पूल) म्हणजे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचा दादरचा रानडे रोड. पूल आहे फक्त 150 मीटरचा आणि त्यावर प्रत्येकाला एकटीचा फोटो हवाय! तेव्हा अर्धा दिवस असेल तर त्यापेक्षा जाऊच नका, पैसे रांगेत जातील. तिकीटही स्वस्त नाही, मोठ्या माणसाचं 9-10 लाख डोंगच्या आसपास, आकडा बघून घाबरू नका, एका रुपयाला ढोबळमानाने तीनशे डोंग धरा म्हणजे साधारण तीन-साडेतीन हजार रुपये माणशी. एवढे देऊन दुपारी दोनला खाली यायचं?

पूर्ण दिवस द्या आणि गेट उघडायच्या वेळेला तिथे हजर राहा, म्हणजे सकाळी सातच्या आधी हॉटेल सोडायचं, नाश्ता पॅक करून घ्यायचा. आपलं घड्याळ दीड तास मागे असतं, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या दिवशी त्यांचे सहा म्हणजे शरीराला पहाटेचे साडेचार वाटतील, म्हणून बा ना तिसऱ्या दिवसाच्या आधी ठेवू नका. वर गेल्यावर आधी पूल, बाकी काहीही न बघता आधी पूल. मुलीचा फोटो नऊच्या आत झाला पाहिजे, मग ती पण शांत आणि तुम्ही पण. नाही जमलं तर दुपारी चारनंतर पुन्हा जा, बसवाले ग्रुप खाली गेलेले असतात, उन्हाचा रंगही तेव्हा चांगला. तिला हेही सांगून ठेवा की ते हात दगडाचे नाहीत, फायबरग्लास आणि जाळीचे आहेत, शेवाळलेल्या जुन्या दगडासारखे दिसतील असे रंगवलेत, आणि पूल 2018 चा आहे. जाऊन हिरमोड होण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. आणि धुकं असलंच तर रडत बसू नको म्हणावं, ढगातून नुसती बोटं वर आलेली दिसतात तो फोटो मला तरी निळ्या आकाशातल्या फोटोपेक्षा भारी वाटतो.

फ्रेंच व्हिलेजचंही तसंच. चर्च, चौक, किल्ल्यासारखे बुरूज, सगळं अलीकडच्या वर्षांत बांधलेलं आहे, सेटच म्हणा ना. खरे फ्रेंच लोक इथे आले होते ते 1919 च्या सुमारास, उकाड्यातून सुटायला, आपल्याकडे इंग्रजांनी माथेरान-महाबळेश्वर वसवलं तसंच, पण पुढे लढायांमध्ये ते सगळं ओसाड पडलं आणि जंगलाने गिळलं. त्या काळातलं खरं उरलंय ते म्हणजे डोंगर पोखरून केलेलं वाइनचं तळघर, 1923 चं, पुलापासून जवळ आहे, आत गारेगार असतं. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना तिथे न्या. बाकी व्हिलेजमध्ये मुलांसारखं होऊन फिरायचं, युरोप शोधायला जायचं नाही.

मुलांना खरी मजा येईल ती इनडोअर फँटसी पार्कमध्ये आणि अल्पाइन कोस्टरवर. कोस्टर म्हणजे रुळावरची छोटी गाडी, ब्रेकचा दांडा आपल्याच हातात, जोरात जायचं की हळू ते आपण ठरवायचं. मुलगा लहान आहे, तो मोठ्या माणसाबरोबरच बसेल, तेव्हा मिस्टरांना बसवा त्याच्याबरोबर. पाऊस आला की हे बंद होतं आणि रांग दुपारी वाढते, म्हणून पुलानंतर लगेच तिकडे. फँटसी पार्क छताखाली आहे, तो पावसासाठी किंवा दुपारसाठी राखून ठेवा. तिकिटात बहुतेक राइड येतात पण मेणाचे पुतळे आणि ते बॉल फेकून टेडी जिंकायचे खेळ वेगळ्या पैशांचे, तिथे मुलाला एक रक्कम ठरवून द्या नाहीतर तो उठणार नाही.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलंय त्या म्हणतात मी हॉटेलात बसते. मला शंका आहे की त्यांना विचारलं कोणी? म्हणजे तुमच्या मिस्टरांनी "आई, तुला जमेल ना" असं येता-जाता विचारलं असणार आणि त्यांनी "तुम्ही जा" म्हटलं असणार, आपल्या घरांतल्या बायका असंच म्हणतात. तुम्ही स्वतः त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर रोपवेचा व्हिडिओ दाखवा आणि खरी माहिती द्या. काय आहे ते मी सांगते. डबा चहूबाजूंनी बंद असतो, बसायला बाकं, दहा जण मावतात. पाळण्यासारखं पाय लटकत वगैरे काही नाही. स्टेशनात तो अगदी हळू होतो, पण पूर्ण थांबत नाही, चालत्यातच चढायचं असतं, आणि गुडघ्यांचा प्रश्न तिथे येतो, तिथे एकाने आधी आत जाऊन हात द्यायचा आणि एकाने मागे राहायचं, कर्मचारीही मदत करतात. त्यातली एक लाइन 5801 मीटरची आहे, 2013 मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली, मधे एकही स्टेशन नाही, त्यामुळे वीसेक मिनिटं आतच बसायचं. भीती वाटणाऱ्या माणसाने जाताना डोंगराकडे तोंड करून बसावं, दरीकडे पाठ, मग समोर फक्त झाडं आणि धबधबे दिसतात. उतरताना उलट बसायचं, पुन्हा डोंगराकडेच तोंड. कानात दडे बसतात, सगळ्यांना लिमलेटची गोळी द्या.

तरीही खात्री नसेल तर इथेच ट्रायल घ्या ना. रायगडचा रोपवे आहे, एखाद्या रविवारी जा. तो लांबीने छोटा, चार-पाच मिनिटांत वर, पण चढ असा उभा आहे की तो ज्याला जमला त्याला बा ना काहीच नाही. त्यानिमित्ताने महाराजांच्या समाधीचं दर्शनही होईल. तिथे त्या घाबरल्या तर तुम्हाला उत्तर मिळालं, घाबरल्या नाहीत तरी मिळालं आणि ते त्यांनी स्वतः दिलेलं असेल, मग तुमच्यावर खापर फोडायला जागा कुठे राहिली?

वर आल्या तर त्यांना सगळं फिरवू नका. पूल सपाट आहे, तो जमेल. फुलांची बाग थोडी जमेल. देवळांच्या बाजूला, विशेषतः अगदी शिखरावर, पायऱ्या भरपूर आहेत, तिकडे नाही. 27 मीटरची पांढरी बुद्धमूर्ती आहे ती लांबूनही दिसते. दुपारी त्यांना आणि सासऱ्यांना एका बऱ्या जागी चहा-कॉफीला बसवा, तुम्ही मुलांना घेऊन खेळायला जा, दीड तासाने जागा बदला. कोणीतरी एक मोठं माणूस कायम त्यांच्याजवळ, आणि सगळ्यांचे फोन चार्ज, कारण तिथे चुकामूक फार होते, रोपवेच्या लाइन एकापेक्षा जास्त आहेत आणि चुकीच्या लाइनने उतरलं की भलत्याच स्टेशनला जातो माणूस. वर जाताना स्टेशनच्या नावाचा फोटो काढून ठेवा. बजेट असेल तर वर मर्क्युअरचं हॉटेल आहे, एक रात्र राहिलात तर सकाळचा पूल जवळपास रिकामा मिळतो आणि म्हाताऱ्यांना दुपारी आडवं व्हायला खोली, पण महाग पडतं, गरजच आहे असं नाही.

आणि नाहीच आल्या तर हॉटेलात का बसायचं? सोन त्रा नावाच्या टेकडीवर 67 मीटर उंच देवीसारखी उभी मूर्ती आहे, क्वान आम म्हणतात तिला, करुणेची बोधिसत्त्व, गाडी थेट वर जाते, समोर समुद्र. सासरे-सासूबाई दोघं तिथे निवांत अर्धा दिवस काढतील. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्यांनी मिळून एक दिवस माय सनला जा. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर तिथल्या जुन्या चाम राजांनी बांधलेली शंकराची देवळं आहेत, चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंतची, विटांची, 1999 पासून युनेस्कोच्या यादीत. अमेरिकेच्या बाँबहल्ल्यात बरीच पडली, पण जे उरलंय ते आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनीही दुरुस्त केलंय आणि 2020 मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. सासूबाईंना हे सांगा आणि बघा त्या काय म्हणतात! सुरुवातीचा टप्पा बॅटरीच्या गाडीने होतो, पुढे थोडं चालायचं. माझ्या मते तुमच्या घरासाठी हा दिवस बा नाच्या बरोबरीचा आहे, फक्त त्याचा फोटो कोणी टाकत नाही म्हणून कोणाला माहीत नाही.

जेवणाचं म्हणाल तर जरा लक्ष द्यावं लागेल. साध्या भाजीतही तिथे माशाचा सॉस घालतात आणि "व्हेज" म्हटलं की मांस काढून देतात, सॉस तसाच. मागताना "आन चाय" म्हणा किंवा पाटीवर "चाय" लिहिलंय का बघा, ते बौद्ध पद्धतीचं शुद्ध शाकाहारी असतं आणि कडक पाळणाऱ्यांकडे कांदा-लसूणही नसतो. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी हे खातात, म्हणजे आपली अमावास्या-पौर्णिमा धरा, तेव्हा अशा जागा जास्त उघड्या दिसतील. दा नांगमध्ये भारतीय हॉटेलंही आता बरीच झालीत. डोंगरावर मात्र बुफे असतो, मोठा असतो, पण सासूबाईंच्या ताटात फळं, भात आणि ब्रेड एवढंच येईल, म्हणून त्यांनी सकाळी हॉटेलात पोटभर खाऊन निघावं आणि पर्समध्ये राजगिऱ्याच्या वड्या, खजूर असं काही ठेवावं. बाहेरचं खाणं आत नेण्याचे नियम तिकीट काढताना वाचून घ्या, थेपल्यांचा डबा घेऊन गेटवर हुज्जत नको.

कपड्यांत एकच, प्रत्येकाला पातळ जॅकेट आणि हुड असलेला रेनकोट. छत्री नको, पुलावर ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. बूट ओल्या फरशीवर न घसरणारे, सासूबाईंना नव्या चपला घेऊन देऊ नका, सवयीच्याच.

तिकिटाचा हिशोब करताना एक लक्षात ठेवा, तिथे मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर आहे. एक मीटरच्या खाली फुकट, एक ते 1.4 मीटर मुलांचं, त्यावर पूर्ण. म्हणजे तुमच्या मुलाचं मुलांचं लागेल आणि तेरा वर्षांची मुलगी बहुतेक पूर्ण तिकिटात जाईल, टूरवाल्याने तिचं हाफ धरलं असेल तर आत्ताच विचारा.

व्हिसा ऑनलाइन आहे, त्यांच्या सरकारी साइटवरूनच काढा, एकदा जायच्या व्हिसाला 25 डॉलर, नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो. तारखा टाकताना मागे-पुढे चार दिवस सोडून टाका. आणि नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, सासूबाईंच्या पासपोर्टवर ते असेल आणि फॉर्मवर राहिलं तर एअरपोर्टच्या काउंटरवर अडवतात, आणि पैसे परत मिळत नाहीत. सहाही पासपोर्ट समोर ठेवून एका बैठकीत भरा, मुलीला टायपिंगला बसवा आणि सासऱ्यांना चष्मा लावून तपासायला.